दोन आकडे

मुद्रिते तपासणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. पाठ्यपुस्तकाची मुद्रिते समितीपुढे आली, की आम्ही ती ओळीओळीने वाचतो. वेलांटी ऱ्हस्व आहे की दीर्घ, अनुस्वार राहून गेला का, स्वल्पविराम योग्य जागी पडला का, हे पाहतो. एखादी चूक नजरेतून सुटून छापील पुस्तकात गेली, तर त्या रात्री मला नीट झोप लागत नाही. अशा माझ्या हातून एक चूक निसटली. ती पुस्तकातील नव्हती. माझ्या थोरल्या भावाच्या रुग्णालयातील कागदात ती होती आणि केवळ एका शब्दाची होती. ‘उजवा’ याऐवजी तेथे ‘डावा’ असे लिहिलेले होते.

माझ्या या भावाला घरात सगळे अण्णा म्हणतात, त्यांची मुलगीसुद्धा. अण्णा निपाणीजवळच्या एका गावात शेती करतात. थोडा ऊस, थोडा तंबाखू आणि गोठ्यात त्या वेळी दोन म्हशी होत्या. २०१७ सालच्या जानेवारीतील एका संध्याकाळी ते विजेवर चालणाऱ्या कडबाकुट्टी यंत्रात वैरण सारत होते. पेंढी अडली म्हणून त्यांनी ती हाताने पुढे रेटली. पेंढी आत ओढली गेली आणि तिच्याबरोबर हातही गेला. शस्त्रक्रियेनंतर उजव्या हाताचा कोपराखालचा जेमतेम अर्धी वीत भाग उरला.

मी बातमी कळताच निघाले. घरात इंग्रजी येणारी मीच, म्हणून रुग्णालयाचे सगळे कागद माझ्याकडे आले. घरी सोडताना त्यांनी चार पानांचा अहवाल दिला. दाखवलेल्या जागी मी सही केली आणि कागद पिशवीत ठेवला. मी तो वाचला नाही. इंग्रजी, त्यातही वैद्यकीय. ते डॉक्टरांचे शास्त्र, त्यात आपल्याला काय कळणार, असे मी स्वतःला सांगितले. ‘डावा’ आणि ‘उजवा’ हे दोन शब्द कळण्यासाठी शास्त्र लागत नाही, हे मला पुढे समजले.

अण्णांचा अपघात विमा होता. त्याचा दावा दाखल केला आणि तो परत आला. रुग्णालयाच्या अहवालात डावा हात, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रात उजवा हात. तेव्हा गेलेला हात नेमका कोणता, असा प्रश्न विचारला गेला होता. प्रश्न विचारणाऱ्याने अण्णांना पाहिलेले नव्हते, कागद पाहिला होता आणि कागदाच्या बाजूने त्याचे म्हणणे बरोबरच होते. दुरुस्तीचे पत्र मिळवण्यासाठी सात महिने हेलपाटे घालावे लागले. त्या सात महिन्यांत दोन म्हशींपैकी एक विकावी लागली. अण्णा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते, असे मला वाटत राहिले.

हे हेलपाटे माझ्या भाचीने घातले. ती त्या वेळी बेळगावात विज्ञान शाखेच्या शेवटच्या वर्षाला होती. पदवी हाती आल्यावर तिने मेडिकल कोडिंगचे प्रशिक्षण घेतले आणि नोकरीसाठी बंगळुरू गाठले. हे क्षेत्र तिने का निवडले, असे मी तिला विचारले होते. ती म्हणाली, “आत्या, एका शब्दापायी आपली म्हैस गेली. तो शब्द तपासण्याचे कुणाचे तरी काम असते. ते काम मला करायचे आहे.”

मेडिकल कोडिंग म्हणजे काय, हे मला तिच्याकडूनच कळले. डॉक्टर रुग्णाला तपासून आपली टिपणे लिहितात. प्रत्येकाची लिहिण्याची रीत निराळी असते. त्या टिपणांतील आजार, इजा आणि उपचार ठरावीक संकेतांकांत बसवणे म्हणजे कोडिंग. विम्याची रक्कम त्या संकेतांकांवरून ठरते आणि कोणत्या आजाराचे किती रुग्ण आहेत हेही त्यांवरूनच मोजता येते. या पद्धतीचे मूळ जुने आहे. जाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची एक आंतरराष्ट्रीय यादी तयार केली आणि १८९३ साली ती स्वीकारली गेली. १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे काम आपल्याकडे घेतले आणि त्यात मृत्यूच्या कारणांबरोबर आजारांचाही समावेश झाला. या यादीची दहावी आवृत्ती १९९० साली मान्य झाली आणि अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. अमेरिकेने दहाव्या आवृत्तीत पुष्कळ भर घालून ती १ ऑक्टोबर २०१५ पासून आपल्या रुग्णालयांत वापरात आणली. तेथील रुग्णालयांचे असे काम आपल्या देशातील बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, पुणे अशा शहरांत मोठ्या प्रमाणावर केले जाते.

माझी भाची हेच काम करते. कामाच्या जागी मोबाईल नेता येत नाही, कागदाचा चिटोराही बाहेर आणता येत नाही. रुग्णांविषयी ती घरी अवाक्षर काढत नाही. ती बोलते ते संकेतांकांविषयी. एकदा तिने मला कागदावर लिहून दाखवले : झेड ८९.२११. कोपराखालचा उजवा हात नसणे, असा त्याचा अर्थ. शेवटच्या एकाच्या जागी दोन लिहिला, तर तो डावा हात होतो. नऊ लिहिला, तर कोणता हात ते नोंदवलेले नाही, असा अर्थ होतो. उपान्त्य एकाच्या जागी दोन लिहिला, तर हात कोपराच्या वरून गेलेला असतो.

“म्हणजे एका अंकाने हात बदलतो,” मी म्हणाले.

“हो आत्या. म्हणून मी शेवटचा अंक दोनदा पाहते,” ती म्हणाली.

आपल्या भाषेत डावे-उजवे करणे म्हणजे भेदभाव करणे. पंक्तीत वाढताना डावे-उजवे करू नये, असे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले असते. या कामात मात्र डावे-उजवे करणे हाच न्याय आहे, असे माझ्या मनात आले.

भाची परक्या देशातील माणसांच्या हातांची अशी काटेकोर नोंद करत होती, त्या काळात तिच्या वडिलांचा कृत्रिम हात मात्र माजघरातील खुंटीला टांगलेला होता. तो त्यांना एका मोफत शिबिरात मिळाला होता. दिसायला तो खऱ्या हातासारखा होता; त्वचेचा रंग, नखे, सारे काही होते. परंतु शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या भागाला सूज असते आणि ती काही महिन्यांत उतरत जाते. त्यामुळे सुरुवातीला नीट बसणारे सॉकेट, म्हणजे ज्यात उरलेला हात घालतात ती खोबण, पुढे सैल होते. अण्णांचे तसेच झाले. हात घसरू लागला, कातडी सोलवटली. त्याची डागडुजी कोठे करायची, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सहा महिन्यांनी तो हात खुंटीला गेला आणि लग्नकार्य असले तरच खाली येऊ लागला. बाकी सगळी कामे ते एका हाताने करत. “एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात. मी मांडीवर थाप मारतो, ती वाजतेच की,” असे म्हणून ते आलेल्या-गेलेल्याला हसवत. ऐकणारा हसे आणि विषय तेथेच संपे.

२०२३ सालच्या दिवाळीत भाची गावी आली होती. रात्री जेवणे झाल्यावर तिने सहज विचारावे तसे विचारले, “अण्णा, नसलेला हात दुखतो का तुमचा?”

अण्णांचा चेहरा एकदम बदलला. ते म्हणाले, “तुला कुणी सांगितलं?”

कोणी सांगणार? त्यांनी ते कोणालाच सांगितले नव्हते. गेली सहा वर्षे त्यांना अधूनमधून आपल्या नसलेल्या हाताची बोटे जाणवत. मूठ घट्ट आवळलेली आहे, नखे तळहातात रुतत आहेत आणि मूठ काही केल्या उघडत नाही, अशी ती वेदना असे. रात्री ती वाढे. हे बोलून दाखवले तर लोक वेडा म्हणतील किंवा अंगारा लावायला नेतील, या भीतीने ते गप्प राहिले होते. भाची म्हणाली, “अण्णा, हे वेड नाही. याला नाव आहे. आमच्या यादीत त्याला स्वतंत्र आकडा आहे, जी ५४.६. इतक्या जणांना हे होते, की त्याची नोंद करावी लागली आहे.”

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “म्हणजे दुसऱ्यांचाही दुखतो?”

त्या प्रश्नाने माझ्या मनातील एक समज दूर झाला. माणसाला आकड्यात बसवले, की त्याचे माणूसपण हरवते, असे आम्ही साहित्याचे विद्यार्थी नेहमी बोलतो. येथे एका आकड्याने माझ्या भावाला, तो एकटा नाही, असे सांगितले होते. जे मला बहीण असून सहा वर्षांत विचारता आले नाही, ते त्याच्या मुलीला त्या आकड्यामुळे विचारता आले.

त्या डिसेंबरात आम्ही तिघे बंगळुरूला गेलो. पुण्याहून बंगळुरूला जाणारा महामार्ग निपाणीवरूनच जातो. रात्री बसमध्ये बसलो आणि सकाळी उतरलो. हे शहर एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत होते, हे मी अण्णांना सांगितले. “मग आपलंच म्हणायचं,” असे म्हणून त्यांनी शाल नीट सारखी केली. रिकामी बाही शालीखाली झाकण्याची त्यांना सवय झाली होती.

अपंग व्यक्तींसाठी काम करणाऱ्या जुन्या संस्था बंगळुरूत आहेत. असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसॅबिलिटी ही संस्था तेथे १९५९ पासून, तर कृत्रिम अवयव बसवणारी आणि त्याचे शिक्षण देणारी मोबिलिटी इंडिया ही संस्था १९९४ पासून काम करते. भाचीने चौकशी करून एका केंद्रात नाव नोंदवले होते. तेथील तंत्रज्ञ धारवाडकडचे निघाले. अण्णांची सीमाभागातील कानडी ऐकून ते खूश झाले आणि मग दोघांना माझी किंवा भाचीची गरज उरली नाही.

त्या तंत्रज्ञांनी आधी माप घेतले नाही. त्यांनी विचारले, “या हाताने तुम्हाला काय करायचे आहे?” हा प्रश्न अण्णांना आजवर कोणी विचारला नव्हता. संकेतांकात हात कोणता, कोठून गेला, कशाने गेला, हे सारे येते. शेतीच्या यंत्राने झालेल्या इजेसाठीही त्या यादीत डब्ल्यू ३० हा वेगळा गट आहे. पण त्या हाताने माणूस काय करत होता, हे मात्र त्यात येत नाही. अण्णा थोडा विचार करून म्हणाले, “वैरणीची पेंढी बांधायची. म्हशीचं दावं सोडायचं. आणि धोतराची गाठ मारायची.”

तंत्रज्ञांनी त्यांच्यापुढे तीन प्रकार ठेवले. एक केवळ दिसायला हातासारखा. दुसरा विजेवर चालणारा. यात उरलेल्या स्नायूंच्या हालचालीतून निर्माण होणारे सूक्ष्म विद्युतसंकेत टिपले जातात आणि बोटे मिटतात-उघडतात. तो महाग असतो, त्याला बॅटरी लागते आणि पाणी, धूळ, चिखल त्याला मानवत नाही. तिसरा तारेवर चालणारा. त्याच्या टोकाला पंजा नसून दोन वाकड्या बोटांचा आकडा असतो. एक पट्टा डाव्या काखेतून पाठीवर आडवा घेतलेला असतो. त्याला जोडलेली तार उजव्या हातावरून आकड्यापर्यंत जाते. खांदे पुढे झुकवले की तार ताणली जाते आणि आकडा उघडतो. खांदे सैल सोडले की रबरी कड्यांच्या ओढीने तो मिटतो.

अण्णांनी आकड्याकडे पाहून मान फिरवली. “हे घालून गावात कसं फिरायचं? पोरं भितील,” ते म्हणाले. आमच्या गावात एक हात नसलेल्या माणसाला सरळ ‘थोटा’ म्हणतात. ओळख सांगताना नावाच्या आधी तोच शब्द येतो. तोही एक संकेतांकच. पण तो लावताना कोणी काही तपासून पाहत नाही आणि एकदा लागला की निघत नाही. अण्णांना त्या शब्दाची धास्ती होती. आकडा लावला तर तो शब्द कायमचा चिकटेल, असे त्यांना वाटत होते.

तंत्रज्ञांनी वाद घातला नाही. त्यांनी आकड्यात एक सुतळी अडकवली आणि म्हणाले, “डाव्या हाताने गाठ मारून पाहा.” अण्णांनी अनिच्छेने सुतळीचे दुसरे टोक धरले. पहिल्यांदा सुतळी सुटली. दुसऱ्यांदा अर्धी गाठ बसली. तिसऱ्यांदा गाठ पक्की झाली. अण्णा त्या गाठीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “घ्या माप.”

मग प्लास्टरच्या पट्ट्यांनी उरलेल्या हाताचा साचा घेतला गेला. त्यावरून सॉकेट तयार झाले. पुढचे तीन आठवडे सराव चालला. पहिल्या दिवशी थोडाच वेळ हात घालायचा, मग हळूहळू वेळ वाढवायचा. रोज रात्री सॉकेट सौम्य साबणाच्या पाण्याने आतून पुसून कोरडे करायचे. उरलेला हात धुऊन, पुसून, आरशात सगळीकडून पाहायचा. आत घालायचा मोजा रोज धुतलेला हवा. कातडीवर उमटलेला लाल डाग थोड्या वेळात गेला नाही, तर हात घालायचा नाही आणि केंद्रात कळवायचे. सॉकेट सैल झाले, तर ते बदलता येते; हात खुंटीला टांगायचा नाही. या सूचना भाचीने मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून काढल्या. मी त्या तपासल्या. या खेपेला मी प्रत्येक शब्द वाचला.

आवळलेल्या मुठीवरही उपाय सुरू झाला. डॉक्टर विलयनूर रामचंद्रन या भारतीय वंशाच्या मेंदूतज्ज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात आरशाचा एक साधा उपचार पुढे आणला. दोन हातांच्या मध्ये आरसा उभा ठेवायचा. चांगल्या हाताचे प्रतिबिंब असे दिसते, की जणू गेलेला हातच परत आला आहे. मग चांगल्या हाताची मूठ मिटायची आणि उघडायची. आरशातील मूठ उघडलेली पाहून मेंदूतील ती आवळलेली मूठही अनेकांच्या बाबतीत सैल होते. सर्वांनाच सारखा गुण येतो असे नाही. अण्णांना थोडा आला. पहिल्या दिवशी आरशात दोन्ही हात पाहताच त्यांचे डोळे भरून आले. ते इतकेच म्हणाले, “बऱ्याच दिवसांनी दिसला.”

कृत्रिम पायाविषयी आपण पुष्कळ ऐकलेले असते. १९६८ साली तयार झालेला जयपूर फूट घराघरांत माहीत आहे. पुण्यातील लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली सुरू झाले. पण हाताचे काम अवघड आहे. पायाला भार पेलायचा असतो. हाताला मात्र सुईही धरायची असते आणि घागरही. मनगटापासून बोटांपर्यंत सत्तावीस हाडे असलेल्या या अवयवाची बरोबरी कोणत्याही यंत्राला करता आलेली नाही. मुंबईच्या मोनिका मोरे या तरुणीने २०१४ साली घाटकोपर स्थानकातील रेल्वे अपघातात दोन्ही हात गमावले. तिला कृत्रिम हात मिळाले. पुढे २०२० साली मुंबईतच शस्त्रक्रियेने तिला दात्याचे हात बसवण्यात आले. असे हात मिळणे विरळा आणि ते टिकवण्यासाठी जन्मभर औषधे घ्यावी लागतात. म्हणून बहुतेकांसाठी पट्टा, तार आणि आकडा हाच खरा आधार ठरतो. तोही नीट मापाचा हवा आणि वापरायला शिकवणारे कोणी हवे, तरच.

हा आधार मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. साधने देण्याची केंद्र सरकारची योजना तर १९८१ पासून आहे. पण या प्रत्येक दारावर एक कागद दाखवावा लागतो आणि त्या कागदावरील शब्द बरोबर असावा लागतो. आपला कागद दुसऱ्याने लिहिलेला असला, तरी वाचायचा आपणच. वाचता येत नसेल तर वाचून घ्यायचा, समजेपर्यंत विचारायचा आणि मगच सही करायची. पन्नाशी ओलांडल्यावर आणि एम. ए. होऊन इतकी वर्षे लोटल्यावर मी हे शिकले.

निघण्याच्या आदल्या रात्री अण्णा भाचीला म्हणाले, “तुमच्या यादीत माझा आकडा कोणता, तो लिहून दे.”

तिने वहीचे पान फाडून लिहिले : झेड ८९.२११. अण्णांनी तो कागद दिव्याखाली धरला. आठवीत शाळा सोडलेला माझा भाऊ एकेक अंक बोट ठेवून वाचत होता. शेवटच्या अंकावर बोट थांबले.

“हा एक म्हणजे उजवा?”

“हो, अण्णा.”

“नक्की?”

“नक्की. दोनदा पाहिला.”

अण्णा हसले. त्यांनी खांदे किंचित पुढे झुकवले. आकडा उघडला. त्यात त्यांनी कागदाची एक कड धरली, डाव्या हाताने त्याची घडी घातली आणि तो सदऱ्याच्या खिशात ठेवला. “एक आकडा कागदावरचा, एक हातातला,” ते म्हणाले, “दोन्ही जपायला हवेत.”

सकाळी निपाणीला उतरलो तेव्हा गारठा होता. मी त्यांच्या खांद्यावर शाल घालायला गेले. त्यांनी ती घडी करून माझ्याच हातात दिली आणि उजव्या हाताचा आकडा पिशवीच्या बंदात अडकवून ते पुढे चालू लागले.